आदर्श कुटुंबाचा खुलासा

सहावीच्या वर्गाला आम्ही एकाच आठवड्यात दोन निबंध दिले. सोमवारी उर्दूच्या तासाला 'मेरा ख़ानदान', गुरुवारी मराठीच्या तासाला 'माझे कुटुंब'. विषय एक, भाषा दोन. उर्दू माध्यमाच्या शाळेत दोन्ही विषय एकाच मास्तराच्या गळ्यात पडणे काही नवे नाही, त्यामुळे दोन्ही वह्या आमच्याच टेबलावर आल्या. शनिवारी दुपारी बिद्रीला घरी बसून त्या तपासत होतो. बाहेर रस्त्यावरून साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळे गाणे. एका पोराची उर्दू वही वाचताना आम्ही एवढ्या मोठ्याने हसलो की बेगम स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

त्या पोराने लिहिले होते की रमजानच्या सहरीला वीज गेली, अंधारात दादांनी चुकून दादीची कवळी तोंडात घातली, आणि रोटीचा पहिला घास चावल्यावर म्हणाले, आज माझे दात माझे ऐकेनात. दादी दुसऱ्या खोलीत बोळक्या तोंडाने ओरडत होती, पण ती काय म्हणते हे कुणालाच कळत नव्हते. अब्बांबद्दल लिहिले होते की त्यांच्या मोज्यांचा वास शिनचॅनच्या बापाच्या मोज्यांसारखा आहे आणि ते ट्रॅक्टरवरून उतरले की शेळी दावणीला उलटी फिरते. आम्ही दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला, कारण शिनचॅनचे स्पेलिंग चुकले होते आणि आम्हालाही ते उर्दूत नक्की कसे लिहावे हे ठाऊक नव्हते.

मग त्याच पोराची मराठी वही उघडली. 'माझे कुटुंब आदर्श कुटुंब आहे. आमच्या घरी सर्व जण एकोप्याने राहतात. माझे वडील कष्टाळू आहेत. माझे आजोबा वयस्कर आहेत. आम्ही सर्व सण मिळून साजरे करतो. आम्ही आमच्या देशावर फार प्रेम करतो.' एवढेच. कवळी गायब, शेळी गायब, मोजे गायब. निबंधात न विचारलेले देशप्रेम मात्र हजर.

सोमवारी त्याला जवळ बोलावून विचारले, बाबा रे, दादीचे दात मराठीत का नाही आले? तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मराठी का पेपर बाहर जाता ना."

वाचकहो, हा लेख त्या एका वाक्यावर आहे. या वार्षिकासाठी आमच्याकडे उर्दू माध्यमाच्या प्रश्नांवर लिहा अशी मागणी आली होती. आमच्या मते उर्दू माध्यमाचा, आणि मराठी मुसलमानाच्या लेखणीचाही, सर्वांत मोठा प्रश्न तोच आहे. मराठीतला पेपर बाहेर जातो.

त्या पोराच्या निबंधात शिनचॅन का आला, तेथून सुरुवात करू. बिद्रीतल्या कुठल्याही घरात संध्याकाळी जा, मुसलमानाचे असो की मराठ्याचे, पोरे त्याच्यासमोर बसलेली दिसतील. पुष्कळ पालकांना अजूनही ठाऊक नाही की हे मुळात मुलांसाठी निघालेले नाही. योशितो उसुई या जपानी चित्रकाराने १९९० साली ते मोठ्यांच्या एका साप्ताहिकात चित्रकथा म्हणून सुरू केले. १९९२ पासून ते जपानच्या दूरचित्रवाणीवर आले. आपल्याकडे २००६ मध्ये हंगामा वाहिनीने ते हिंदीत आणले आणि कार्टून म्हणजे मुलांचे, या आपल्या गोड गैरसमजामुळे ते थेट पोरांच्या ताटात पडले. २००८ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्यावर बंदी घातली, २००९ मध्ये ते काटछाट होऊन परतले. आम्ही तेव्हा नुकतेच कॉलेजात गेलो होतो. बंदीची बातमी आली तेव्हा मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना झालेला आनंद आणि चावडीवरच्या बुजुर्गांना झालेला आनंद अगदी सारखा होता. कार्टे उलट बोलायला लागले की दोष कुणाला द्यायचा, यावर हिंदू-मुस्लिम एकमत व्हायला वेळ लागत नाही.

बंदीची मागणी सर्वस्वी चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यातले काही प्रसंग पाच वर्षांच्या मुलासमोर नकोतच. पण पोरे त्यात नेमके काय बघतात हे आम्ही त्यांच्याशेजारी बसून पाहिले आहे. ती एक घर बघतात. बाप नोकरदार आहे, घराच्या कर्जाचे बत्तीस वर्षांचे हप्ते बाकी आहेत, पायाला वास येतो. आई सेलमधून नको त्या वस्तू उचलून आणते आणि मग लपवते. पोरगा आगाऊ आहे. तरी रात्री सगळे एका टेबलाभोवती जेवतात. त्या बापाला कुणी विचारत नाही की तू जपानवर प्रेम करतोस का. त्याच्या मोज्यांवरून साऱ्या जपानी लोकांच्या मोज्यांविषयी कुणी मत बनवत नाही. ते घर कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही, म्हणून त्याला हसता येते. आमच्या पोराने आपल्या अब्बांचे मोजे त्या मोज्यांशेजारी ठेवले, उर्दूत.

आता दुसऱ्या एका कार्टूनविषयी. हे मात्र उघडपणे मोठ्यांसाठी आहे, आणि यातले घर मुसलमानाचे आहे.

आमचा एक भाचा पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करतो. ईदला घरी आला तेव्हा रात्री सगळे झोपल्यावर म्हणाला, "मामू, एक चीज दिखाता, लेकिन अम्मी कू मत बोलो." आम्ही घाबरलो. निघाली ती 'नंबर वन हॅपी फॅमिली यूएसए' नावाची चित्रमालिका. १७ एप्रिल २०२५ ला ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर तिचे आठ भाग आले. रामी युसूफ हा इजिप्शियन आईबापांचा, न्यू जर्सीत वाढलेला विनोदी नट आणि पॅम ब्रेडी ही लेखिका, या दोघांनी ती रचली. पात्रांची आखणी मोना चलाबी या इराकी वंशाच्या ब्रिटिश चित्रकार-पत्रकार बाईने केली. काळ २००१ चा. न्यू जर्सीतले एक इजिप्शियन मुसलमान कुटुंब. बाप हुसेन, एकेकाळचा डॉक्टर, आता हलाल खाण्याची गाडी लावतो. आईचे नाव शरिया. मुलगा रुमी बारा-तेरा वर्षांचा, मोठी बहीण मोना, घरात आजी-आजोबा. आणि मग ११ सप्टेंबर उजाडतो.

त्यानंतर तो बाप जे करतो ते बघताना आमच्या हातातला चहा निवला. तो दाढी उतरवतो. दारात अमेरिकन सणांची सजावट मांडतो. घरच्यांना सांगत सुटतो की आता आपण या देशातले सर्वांत सुखी, सर्वांत देशभक्त कुटुंब दिसलो पाहिजे. मालिकेचे नाव तिथूनच आले. त्याच दिवसांत बायको मात्र हिजाब घालायचे ठरवते आणि नवरा डोके धरून बसतो. चित्रकारांनी यात एक साधी युक्ती केली आहे. ही माणसे उंबऱ्यातून बाहेर पडली की तिथल्या तिथे त्यांचे कपडे, आवाज, चेहरा बदलतो. घरात एक माणूस, अंगणात दुसरा.

भाचा खदखदून हसत होता. आम्ही तो उंबरा बघत होतो. तो आमचा होता.

बिद्रीच्या थांब्यावर एसटीत पाय ठेवला की आमची 'अम्मी' फोनवर 'आई' होते. सलामाचा आवाज खाली जातो आणि 'हां, बोला की' वर येतो. कोल्हापुरी मराठी आमचीच आहे, ती कुणाकडून उसनी आणलेली नाही. कागल तालुक्यात आमच्या कित्येक पिढ्या मातीत गेल्या. पण एसटीत आपण ती जरा जास्तच ठसक्यात बोलतो, हे स्वतःशी तरी कबूल करू या. ७ जून २०२३ ला मोबाईलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात जे झाले, बंदची हाक, दगडफेक, अश्रुधूर, मग इंटरनेट बंद, त्या रात्री आमच्या घरात काय चालले होते ते सांगतो. घरातल्या सगळ्यांचे मोबाईल एका चादरीवर मांडले होते आणि आम्ही, घरातले शिकलेले, बी.एड. झालेले, एकेकाचा स्टेटस तपासत होतो. चाचींच्या मोबाईलवर गुलाबाचे फूल आणि 'सुप्रभात' होते. चाचींनी तेही काढायला लावले. का? तर गुलाबाला पाने होती आणि पाने हिरवी होती. चाचांनी विचारले, मग अंगणातल्या कढीपत्त्याचे काय करू? त्या रात्री, त्या भीतीत, आमचे अख्खे घर तोंडात चादरीचा बोळा घालून हसले. हसण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

हा प्रसंग मराठीत लिहायला आम्हाला इतकी वर्षे लागली. त्याच महिन्यात आम्ही एका अंकासाठी मराठीत लेख लिहिला होता. त्यात सलोख्याची परंपरा होती, मोहरमच्या पंजांना खांदा देणारे गाव होते, राजर्षी शाहूंनी १९०६ साली कोल्हापुरात काढलेले मुस्लिम बोर्डिंग होते. सगळे खरे. पण शाहू महाराजांचे बोर्डिंग आम्ही हल्ली मराठी लेखात असे काढतो जसे पोलिसाने अडवल्यावर लायसन्स काढतात. चाचींचा गुलाब त्या लेखात नव्हता. त्या पोरासारखाच आम्हीही 'माझे कुटुंब' लिहून दिला होता.

म्हणून आमचा आरोप प्रथम आमच्यावर आणि मग आमच्या वडीलधाऱ्या लेखकांवर आहे. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरले. त्या पिढीने आम्हाला मराठीत उभे राहायला जागा दिली, हे ऋण आहे. दंगल, तलाक, गरिबी, सच्चर समिती, हे सगळे लिहिले गेलेच पाहिजे होते आणि पुढेही लिहिले जाईल. पण पस्तीस वर्षांची ही पाने चाळा आणि सांगा, त्यांत किती माणसे हसतात? आमच्या मराठी कथांतली दादी चुलीपुढे खोकते, कवळी कधी हरवत नाही. आमचा बाप एक तर जुलमी असतो किंवा जुलमाचा बळी. सुधारणावादी लेखकाला आमचे घर म्हणजे दुरुस्त करायची केस वाटते, परंपरावादी लेखकाला बचाव करायची केस वाटते. दोघांचे एरवी पटत नाही, पण घराला कोर्टात उभे करण्यावर दोघेही सहमत. आणि कोर्टात हसायला मनाई असते.

हेच आम्ही उर्दूत काय करतो पाहा. इम्तियाज अली ताज यांचे 'चचा छक्कन' वर्गात वाचायला घेतले की पोरांना आवरावे लागते. चचा एक तसबीर टांगायला निघतात आणि सगळे घर वेठीला धरतात. मूळ कल्पना जेरोम या इंग्रज लेखकाची, पण ते घर इतके आमचे होऊन गेले की कुणाला इंग्रज आठवत नाही. पतरस बुखारी आहेत, मुश्ताक अहमद युसुफी आहेत. हैदराबादचे मुज्तबा हुसेन २०२० साली गेले, तोवर हसवत होते. आमच्या पलीकडे गुलबर्ग्यात सुलेमान खतीब यांनी दख्खनीत, म्हणजे आम्ही घरात बोलतो जवळजवळ त्याच बोलीत, सासू-सुनांची भांडणे मुशायऱ्यात उभी केली. म्हणजे हसणे आम्हाला येत नाही असे नाही. उर्दूत आम्ही हसतो आणि मराठीत खुलासे देतो. घर तेच, लेखणी तीच, फक्त उंबरा ओलांडला.

आमच्या मराठी शेजाऱ्यांनी हे आपल्या भाषेत केव्हाच करून घेतले. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' लिहून आपल्याच माणसांची यथेच्छ थट्टा केली आणि त्या चाळीवर महाराष्ट्राने जीव लावला. आमची कुठली गल्ली, कुठली आळी महाराष्ट्राला अशी ठाऊक आहे? मणेरीण दारात बसून बांगडी चढवताना अख्ख्या गावाच्या भानगडी ऐकते. मुलाणीचाचा जत्रेच्या दिवशी कुणाचा बोकड आधी यावरून दोन पाटलांच्या मधे अडकतो. काय माणसे आहेत ही! मराठी वाचकाला ती दिसतात ती फक्त दंगलीच्या दुसऱ्या दिवशी.

हे आम्ही शिक्षकांच्या खोलीत बोललो तेव्हा चांगलीच जुंपली. आमच्याहून वयाने आणि इल्माने मोठे असलेले एक सहकारी म्हणाले, "मास्तर, हसायची ही वेळ आहे का? १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरे फोडली, मशिदीत घुसले, आणि तुम्ही दात-मोजे घेऊन बसलात." आम्ही गप्प झालो, कारण माणूस खरा आणि दुःख खरे. पण घरी जाताना उत्तर सुचले, ते इथे देतो. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानच्या मुसलमानांवर जे गुजरले त्याहून वाईट वेळ कुठली? आणि १८७७ साली लखनऊमध्ये मुन्शी सज्जाद हुसेन काय काढतात, तर 'अवध पंच', निव्वळ थट्टेचे साप्ताहिक. अकबर इलाहाबादी त्यातच लिहीत. उर्दूतला विनोद भरल्या पोटी जन्मला नाही. सगळे गेल्यावर जे हातात उरते त्यातला तो आहे. गजापूर लिहायचेच आहे. पण गजापुरात ज्यांची घरे फुटली त्यांच्या घरात आदल्या दिवशी कुणीतरी कुणाची तरी चेष्टा केलीच असेल. ते न लिहिता फक्त फुटलेली काच लिहिली, तर वाचकाला घर कधी दिसणार?

दुसरा आक्षेप असा आला की आपण आपल्या घराची थट्टा केली तर दुसरे तीच थट्टा उचलून आपल्यालाच मारतील. मारतील, काही जण नक्की मारतील. पण आपण गप्प बसल्याने ते थांबले आहेत का? अमेरिकेत 'द सिम्पसन्स' नावाची अशीच मोठ्यांची चित्रमालिका १९८९ पासून चालू आहे. तिच्यात अपू नावाचा हिंदुस्थानी दुकानदार. त्याचा आवाज हँक अझारिया हा गोरा नट काढायचा. त्या एका आवाजावरून तिकडच्या हिंदुस्थानी पोरांना शाळेत वर्षानुवर्षे चिडवले गेले. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या हिंदुस्थानी वंशाच्या विनोदवीराने त्यावर माहितीपट काढला, तेव्हा गलका झाला आणि २०२० मध्ये अझारियाने अपूचा आवाज सोडला. तीस वर्षे त्या घराची थट्टा होत होती, फक्त घरातले कुणी ती करत नव्हते. आपल्याकडेही जागा रिकामी राहिलेली नाही. 'शोले'तले रहीमचाचा १९७५ पासून आमच्या वतीने आंधळेपणाने चांगले वागत आहेत आणि त्यांच्या बाजूला अलीकडच्या पडद्यावरचा सुरमा घातलेला खाटीक-दहशतवादी उभा आहे. या दोघांच्या मधे एक चाचा हवा, जो चांगलाही नाही, वाईटही नाही, ज्याला फक्त कढीपत्त्याची काळजी आहे. तो मराठीत दुसरे कोण लिहून देणार?

तिसरा आक्षेप धर्माचा. तो आम्ही हलका मानत नाही. 'कार्टून' हा शब्द निघाला की आमच्या लोकांना २००५ चा डेन्मार्क आठवतो आणि अंगावर काटा येतो. पण तिथे बाहेरच्याने आमच्या श्रद्धेच्या ठिकाणी हात घातला होता. घरातल्याने घरातल्या मोज्यांवर हसणे ही निराळी गोष्ट आहे, आणि हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी आमचा वाद नाही, त्याच्यासाठी दुआ आहे. ती अमेरिकन मालिका धुतल्या तांदळासारखी आहे असेही आम्ही म्हणत नाही. तिच्या आरंभीच ती हराम वर्गातली असल्याची इशाऱ्याची पाटी गमतीने लावलेली आहे, आणि काही ठिकाणी आम्हाला ती गंमत न वाटता रास्त इशारा वाटला. मोठ्या मुलीची गोष्ट ज्या दिशेने जाते तिथे आम्ही अवघडलो, भाचाही मोबाईलचा आवाज कमी करू लागला. आईला शरिया हे नाव देण्यातली चेष्टा आमच्या अम्मींना कुणी समजावून सांगावी, आमची छाती नाही. वर्गात तर ही मालिका कधीच दाखवणार नाही. शिनचॅनच्या वेळी झाली ती चूक पुन्हा नको, मोठ्यांचे मोठ्यांकडे राहू द्या. पण न आवडलेल्या पंचवीस गोष्टी वजा केल्या तरी तो उंबरा उरतो. तो रामी युसूफने काढला, आमच्यातल्या एकानेही काढला नाही, आणि आम्ही तर त्याच्यापेक्षा कितीतरी आधीपासून तो रोज ओलांडतो आहोत.

आमच्याकडे ॲमेझॉनचा पैसा नाही, चित्रे हलवणारी यंत्रे नाहीत. पण वार्षिक आहे, हेच. पुढच्या अंकासाठी संपादकांनी एक अट घालावी अशी आमची जाहीर मागणी आहे. चार पाने अशी असावीत की ज्यांत मुसलमानाचे घर आहे आणि त्यात कुणी कुणाला काही पटवून देत नाही. सलोखा नको, शाहू महाराज नकोत, सच्चर नको. लेखक मिळाले नाहीत तर आमच्या सहावीच्या वर्गातून पाठवू.

त्या पोराला आम्ही मराठीच्या निबंधाचे दहापैकी चार गुण दिले. तो हिरमुसला. म्हणाला, एकही चूक नाही, मग चारच का? आम्ही म्हणालो, चूक नाही हीच चूक आहे, सोमवारचे गुरुवारी लिहून आण. तो वही घेऊन जागेवर गेला, थोडा वेळ पेन चावत बसला, मग परत आला.

"सर, बत्तीसी कू मराठी में क्या बोलते?"

आम्ही फळ्यावर लिहिले, कवळी. त्याने ते पाटीसारखे तीनदा वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "और दूसरे की कवळी अपने मुँह में गई तो?"

त्याला मराठीत काय म्हणतात ते आम्हालाही ठाऊक नव्हते. तूच लिहून दाखव, म्हणालो.